E नावाचा फलाट

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत लेखणीने आज अशा एका चोरीचा वृत्तांत सादर करण्याचे योजिले आहे की जिच्यात कुलूप तुटले नाही, भिंतीला भगदाड पडले नाही आणि कोणाच्या घरचा तांब्याही जागचा हलला नाही. तरीसुद्धा आमगावातील एका कुटुंबाची मान तिने जमिनीपर्यंत वाकविली. चोर कोण, हे ओळखण्याची सर्व साधने मी आपल्यासमोर क्रमाने ठेवणार आहे. कोणावर बोट ठेवण्यापूर्वी वाचकांनी थोडे थांबावे, एवढीच माझी विनंती आहे. कारण या कथेतील माणसे थांबली नाहीत.

१. पडद्यामागे

बुद्ध पौर्णिमेच्या निमित्ताने गोंदियाच्या सभागृहात जिल्ह्यातील गायन मंडळांची स्पर्धा होती. गीत नवे असावे, शब्द आणि चाल मंडळाचीच असावी, असा स्पर्धेचा कडक नियम होता. आमगावच्या मंडळाची मंडळी पांढरी वस्त्रे परिधान करून पडद्यामागे आपल्या पाळीची प्रतीक्षा करीत उभी होती. गीत रचणारा तरुण संघदीप वासनिक हार्मोनियमचा पट्टा खांद्यावर घेऊन सज्ज होता. मंडळाचे अध्यक्ष गोवर्धन गजभिये प्रत्येकाच्या टोपीची घडी सारखी करीत होते.

मंचावर सौंदडचे मंडळ गात होते. त्यांच्या प्रमुख गायकाने, उदाराम मेश्राम यांनी, आलाप घेतला आणि संघदीपचा हात हार्मोनियमवर थिजला. ते गीत आमगावचे होते. पहिले कडवे त्याचे होते, दुसरेही त्याचेच होते. पण तिसरे कडवे ऐकून त्याच्या तोंडचे पाणी पळाले. ते कडवे त्याने अखेरच्या ध्वनिमुद्रणाच्या सकाळी, संगणक केंद्राच्या पायरीवर बसून रचले होते. मुद्रणाच्या वेळेशिवाय ते कोठेही गायिले गेले नव्हते.

आमगावची पाळी आली. दुसरे नवे गीत कोणाजवळ नव्हते. मंडळ न गाताच खाली उतरले. सभागृहात कोणीतरी हसले. परतीच्या गाडीत कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. आमगावच्या स्थानकावर उतरताना गोवर्धनभाऊ एवढेच म्हणाले, “हे बाहेरच्याचं काम नोहे. आपल्याच घरातून गेलं.”

२. पडद्यावरील अक्षर

ते गीत जगात एकाच ठिकाणी साठविलेले होते. बसस्थानकाजवळ दुर्गेश्वरी पटले या बाईंचे संगणक केंद्र आहे. त्याच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गोधड्या ठोकून ध्वनिमुद्रणाची सोय केलेली आहे. तेथे रीना बोरकर नावाची मुलगी काम करीत असे. तिचे वडील ताराचंद राईस मिलमध्ये पोती वाहतात. आई वारल्यापासून घरात ही दोघेच. रीना गावच्या वाचनालयातील संगणकावर स्वतःच्या चिकाटीने शिकली होती, आणि बोरकरांच्या घरात महिन्याचा पगार आणणारी ती पहिली मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी संघदीप आणि गोवर्धनभाऊ केंद्रावर आले. ध्वनिमुद्रणाच्या संगणकीय कार्यक्रमात रीनाने अशी व्यवस्था करून ठेवली होती की गीत जतन होताच त्याची दुसरी प्रत आपोआप पेनड्राईव्हवर जावी. वीज गेली किंवा संगणक बिघडला तरी कोणाचे श्रम वाया जाऊ नयेत. प्रत कोठे गेली, हेही पडद्यावर दिसत असे. अखेरच्या मुद्रणापुढे अक्षरे होती: E:\jatan.

गोवर्धनभाऊंनी विचारले की हा E कोण? रीनाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “E म्हणजे माझा पेनड्राईव्ह जी.”

त्या निर्मळ उत्तरानेच तिचा घात केला. तिचा पेनड्राईव्ह तपासला गेला. आधीची सर्व मुद्रणे त्यावर होती. तिसऱ्या कडव्याचे अखेरचे मुद्रण मात्र नव्हते. आता गोवर्धनभाऊंना सगळे स्पष्ट दिसू लागले. संगणक सांगतो की प्रत हिच्याकडे गेली. प्रत हिच्याकडे नाही. म्हणजे हिने ती दुसऱ्यास देऊन पुसून टाकली. त्यात रीनाच्या मामाचे घर सौंदडला. आणखी काय पाहिजे होते?

सायंकाळी विहारात सभा भरली. गोवर्धनभाऊंनी माईकवरून आधी नाव न घेता सांगितले, मग नाव घेऊन सांगितले. स्त्रियांमध्ये बसलेल्या रीनाच्या दोन्ही बाजूंची जागा हळूहळू रिकामी झाली. ती उभी राहून काही बोलणार, तोच मागून ताराचंद उठले.

“माह्या पोरीनं हे केलं असन,” ते म्हणाले, “तर तिले माह्या घरात जागा नाही.”

रीना पुन्हा खाली बसली. रविवारपर्यंत तिने खरे सांगावे, अन्यथा मंडळातून तिचे नाव काढावे आणि केंद्राच्या बाईंनाही तसे कळवावे, असे ठरले.

३. घाईचा निकाल

रीनाला केंद्रातून काढण्यास दुर्गेश्वरीबाईंचे मन धजेना. पण मंडळाशी वैर घेऊन त्यांचा धंदाही चालणारा नव्हता. म्हणून त्या केवळराम बिसेन यांच्याकडे गेल्या.

केवळरामजी दरेकसा येथे स्टेशन मास्तर होते आणि निवृत्तीनंतर आमगावात राहू लागले होते. हरवलेल्या पार्सलाचा माग केवळ प्रश्न विचारून काढणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. ते केंद्रावर आले. त्यांनी पडद्यावरची अक्षरे पाहिली, पेनड्राईव्हची हकीकत ऐकली, आणि चष्मा काढून खिशात ठेवला. परतताना मिलच्या फाटकाजवळ त्यांना ताराचंद भेटले. ताराचंदांनी पोते खाली ठेवून काय निघाले ते विचारले.

केवळरामजींनी उत्तर दिले, “यंत्र खोटं कायले बोलन, ताराचंद? पोरीले समजावून विचार.”

ताराचंद खाली वाकले. त्यांनी पोते उचलले. घरी गेल्यावर त्यांनी रीनाला सांगितले की उद्यापासून कामावर जाऊ नको. आणि कपडे भरून मामाकडे सौंदडला जा. सौंदडला जाणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, हे तिला कळत होते. त्यांनाही कळत होते.

इकडे केवळरामजी आपल्या ओसरीवर बसले, पण त्यांच्या मनाला स्वस्थता लाभेना. चोराने स्वतःच्या पेनड्राईव्हवरची खूण पुसली, हे समजण्यासारखे होते. पण ज्या पडद्यावर तिचे बिंग फुटत होते, तो पडदा तर दिवसभर तिच्याच हाताखाली होता. तेथील ओळ तिने का पुसली नाही? आणि वर “तो पेनड्राईव्ह माझा” असे हसतमुखाने का सांगितले?

आपण निकाल आधी दिला आणि विचार मागाहून केला, ही जाणीव होऊन त्या वृद्ध गृहस्थाचे कान तापले.

४. दोन पत्ते

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोरकरांच्या घराकडे निघाले. रोज या वेळेस विहाराच्या भोंग्यातून वंदना ऐकू येते. त्या वस्तीबाहेरची माणसेसुद्धा त्यावरून चहा ठेवतात. आज विहार मुका होता. दारात उभ्या असलेल्या ताराचंदांना त्यांनी सहज विचारले, तर भोंगा कालपासूनच बंद आहे, बिघडला असेल, असे ते तुटकपणे म्हणाले.

रीनाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

केवळरामजी बाजेवर बसले आणि म्हणाले, “पोरी, काल मी तुले न विचारताच बोललो. आज विचारतो. दुसरी प्रत कुठं ठेवायची, हे तू यंत्राले कसं सांगितलं?”

रीनाने त्यांच्या हातातील वर्तमानपत्र घेतले आणि समासात लिहिले: /media/vachanalay/REENA/jatan.

केवळरामजी म्हणाले की केंद्राच्या पडद्यावर तर असे नव्हते. रीना म्हणाली की हा वाचनालयाच्या संगणकावरचा पत्ता आहे, ती तिथेच हे शिकली. वाचनालयात लिनक्स आहे. तिथे पत्ता एका मुळापासून सुरू होतो आणि मधल्या रेषा पुढे झुकतात. दुर्गेश्वरीताईंकडे विंडोज आहे. तिथे अक्षर, दोन टिंबे आणि मागे झुकलेली रेष असते.

“लिहायची तऱ्हा वेगळी हाये काका,” ती म्हणाली, “बाकी दोन्ही एकच.”

केवळरामजींनी तिच्या अक्षरांखाली आपल्या हाताने दुसरा पत्ता लिहिला: E:\jatan. मग त्यांनी दोन्ही ओळींवरून बोट फिरविले.

“एकच नाहीत,” ते हळू आवाजात म्हणाले. “वरच्या ओळीत तुझं नाव हाये. खालच्या ओळीत तुझं नाव कुठं हाये?”

रीनाने पाहिले. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

५. जी गाडी उभी असेल

दोघे प्रथम वाचनालयात गेले. ताराचंद मागून आले. तेथील संगणकावर रीनाने आपल्या पेनड्राईव्हवर प्रत ठेवण्याची तशीच व्यवस्था केली. मग केवळरामजींनी तिला पेनड्राईव्ह काढावयास लावला आणि त्या जागी स्वतःचा लावला, ज्यावर त्यांच्या नातवाचे फोटो होते. रीनाने गीत जतन केले. संगणकाने स्पष्ट नकार दिला. REENA नावाचे काही येथे नाही, अशा अर्थाचा संदेश आला. नातवाच्या फोटोंना त्याने हातही लावला नाही.

तेथून ते केंद्रावर आले. दुर्गेश्वरीबाईंनी मागची खोली उघडून दिली. पेनड्राईव्हसाठी तेथे एकच खाच चालू होती. बाकीच्यांत माऊस, कळफलक आणि माईक अडकवलेले होते. केवळरामजींनी येथेही रीनाचा पेनड्राईव्ह काढून आपला लावला. माईकसमोर ते जुन्या सवयीने “दरेकसा, दरेकसा” असे म्हणाले. रीनाने जतन केले. संगणकाने कसलीही तक्रार केली नाही. पडद्यावर ओळ आली: E:\jatan.

केवळरामजींनी आपला पेनड्राईव्ह उघडावयास सांगितला. नातवाच्या फोटोंशेजारी jatan नावाचा नवा कप्पा तयार झाला होता. त्यात त्यांचाच आवाज होता.

रीना स्टूल ओढून पडद्यासमोर बसली. “पण मी तर माह्या नावावरच क्लिक केलं होतं जी,” ती म्हणाली.

तिने आपला पेनड्राईव्ह पुन्हा लावून दाखविला. खरोखरच पडद्यावर REENA असे नाव होते आणि त्याच्या पुढे लहान कंसात E होते. तिने नाव निवडले होते. संगणकाने मात्र नाव सोडून देऊन केवळ अक्षर लक्षात ठेवले होते.

“मी जन्मभर फलाटावर राहिलो,” केवळरामजी म्हणाले, “अन् मलेच हे दिसलं नाही. E ही गाडी नोहे बाई, E हा फलाट होये. रोज तुझी गाडी लागत होती, म्हणून तू फलाटालेच गाडी समजली. आमीबी तेच समजलो. वाचनालयातलं यंत्र गाडीचं नाव वाचूनच माल चढवते. हे यंत्र नाव नाही वाचत. जी गाडी उभी असन, तिच्यात माल टाकून मोकळं होते.”

दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या, “मतलब काका, त्या दिवशी दुसरीच गाडी उभी होती?”

केवळरामजींनी रीनाला त्या दिवसाची आठवण करावयास सांगितले. तिने सांगितले ते असे. अखेरचे मुद्रण झाल्यावर मंडळ निघून गेले. बाई खरेदीसाठी गोंदियास गेल्या होत्या. गीत जतन करणे बाकी ठेवून रीना शटर अर्धे ओढून घरी जेवावयास गेली. परत आली तेव्हा तो संगणकीय कार्यक्रम बंद होता, गीत जतन झालेले होते, आणि तिचा पेनड्राईव्ह माईकशेजारी टेबलावर पडला होता. बाईंनी मध्ये येऊन हे केले असावे असे तिला वाटले. बाईंना वाटत होते की सर्व रीनानेच केले. दोघी एकमेकींना कधी विचारतील, असे काही कारणच पडले नव्हते.

“शटराखालून वाकून कोण येऊ शकते?” केवळरामजींनी विचारले.

उत्तर दुर्गेश्वरीबाईंनी दिले. परका माणूस आला असता तर शेजारच्या पानठेल्यावाल्याने हटकले असते. मंडळाच्या माणसांना मात्र तेथे कोणी हटकीत नव्हते.

६. सौंदडचा गायक

केवळरामजी गोंदियाला गाडी बदलून सौंदडला गेले. उदाराम मेश्राम शेतात, धानाच्या बांधीवर कुंपण घालीत होते. आमगावचे नाव ऐकताच त्यांनी कोयता खाली ठेवला आणि पाहुण्यास पाणीही न विचारता सांगितले की आम्ही चोर नाही.

केवळरामजींनी त्यांना शांतपणे सांगितले की एका मुलीचे घर सुटण्याची वेळ आली आहे. तेव्हा उदाराम विरघळले. त्यांनी मोबाईल काढून दाखविला. हे गीत त्यांनी गावातील एका लग्नात ऐकले होते. विवाहविधी आटोपल्यावर मंडपातील साऊंड बॉक्सवर अचानक सिनेमातील नाचाची गाणी सुरू झाली. बाया हसू लागल्या, पोरे नाचू लागली. ती गाणी संपताच त्याच बॉक्समधून हे गीत आले. उदारामांनी ते मोबाईलमध्ये भरून घेतले आणि मंडळास शिकविले.

केवळरामजींनी विचारले की दुसऱ्याचे गीत आपले म्हणून गाताना मनास काही वाटले नाही काय.

“काऊन वाटन जी?” उदारामांनी उलट विचारले. “बुद्धाचं गाणं कोनाच्या मालकीचं असते का? एकानं बांधलं, दहा गावांनी गाइलं, असंच चालून राहिलं आमच्याकडं. माह्या बापानं बांधलेलं गाणं आमगाववाले गातात, त्याईले कोनी चोर म्हनलं का?” मग थोडे थांबून त्यांनी मान खाली घातली. “स्पर्धेचा नियम वेगळा होता, हे मात्र खरं. तिथं आमी चुकलो.”

“बॉक्सले लावला होता, तो पेनड्राईव्ह कोनाचा होता?” केवळरामजींनी विचारले.

उदारामांना हा प्रश्नच नवलाचा वाटला. वंदनेचा पेनड्राईव्ह होता तो, तुमच्याच विहाराचा, ते म्हणाले. कुठल्याही गावात लग्न असले की तो मागून नेतात, कारण त्यावर वंदना आणि विधी नीट भरलेले आहेत. यावेळी तर तो स्वतः गोवर्धनभाऊंनीच आणला होता. नवरी त्यांच्या साळीची, म्हणजे मेहुणीची, मुलगी होती.

केवळरामजी उठले. आपल्याला विहाराचा मुका भोंगा सकाळीच ऐकू यावयास पाहिजे होता, असे त्यांना वाटले.

७. अध्यक्षांच्या घरी

गोवर्धनभाऊंच्या घरी त्यांची पत्नी रुख्मिणीबाई यांनी चहा दिला आणि त्या दारापाशी उभ्या राहिल्या. केवळरामजींनी विहाराचा पेनड्राईव्ह पाहावयास मागितला. गोवर्धनभाऊंनी तो खिशातून काढून दिला आणि त्यात काही नाही, असे सांगितले.

“वंदनाबी नाही?” केवळरामजींनी विचारले.

गोवर्धनभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

“भोंगा बिघडला नाही, गोवर्धनभाऊ. त्यात वाजवायलेच काही उरलं नाही. एक गाणं पुसायचं होतं, घाबरून सगळं पुसलं.”

मग त्या धिप्पाड गृहस्थाने दोन्ही हातांनी आपले तोंड झाकले, आणि तशाच स्थितीत सर्व सांगितले. विहाराच्या पेनड्राईव्हवर सिनेमाची गाणी भरू नयेत, लग्नात धिंगाणा होऊ नये, हा नियम त्यांनीच केला होता. त्यावरून एका गरीब घरच्या नवरदेवाच्या बापाला त्यांनी भर मांडवात बोलही लावले होते. आणि आता साळीच्या घरून आग्रह झाला की मुलीसाठी चार गाणी आणाच. ती उघडपणे मागण्याची त्यांना लाज वाटली. म्हणून दुपारी केंद्र रिकामे पाहून ते शटराखालून आत गेले. रीनाचा पेनड्राईव्ह काढून त्यांनी विहाराचा लावला. बाईंच्या संगणकात साठविलेली सिनेमाची गाणी त्यावर घेतली. मध्ये काहीतरी उघडे होते ते बंद करू लागले, तेव्हा संगणकाने जतन करण्याविषयी काहीतरी विचारले. त्यांनी होय म्हटले आणि निघून गेले.

लग्नात गीत वाजले तेव्हा ते वऱ्हाडाला जेवण वाढीत होते. गोंदियाच्या सभागृहात त्यांना धक्का बसला तो खराच होता. रीनावरचा संशयही त्या वेळी खराच होता.

“मग कधी कळलं?” केवळरामजींनी विचारले.

“सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. लग्नातली गाणी पुसायची राहूनच गेली होती. वंदना लावायच्या आधी पुसायले बसलो, त तो नवा कप्पा दिसला. उघडला, त संघदीपचा आवाज.”

“तवाच काऊन नाही सांगितलं?”

“आदल्या संध्याकाळी माईकवर बोलून बसलो होतो ना जी,” गोवर्धनभाऊ म्हणाले.

रुख्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. “ती पोरगी काल नळावर भेटली होती,” त्या म्हणाल्या. “मामी म्हणून हाक मारली तिनं. म्या तोंड फिरवलं.” त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. “तुमी दोन दिवस घरात बसून पाहून राहिले होते.”



८. रविवार

विहारात सभा भरली. केवळरामजी त्या समाजाचे नव्हते. पण त्यांना आग्रहाने पुढे बसविण्यात आले. त्यांनी प्रथम स्वतःविषयी सांगितले. पडद्यावरील एक अक्षर वाचून आपण एका बापाला काय बोललो, हे त्यांनी लपविले नाही. नंतर फलाट आणि गाडीचे उदाहरण देऊन त्यांनी सर्व उलगडून सांगितले. वाचनालयातील संगणक आणि केंद्रातील संगणक एकाच वस्तूचा पत्ता निरनिराळ्या रीतीने सांगतात, आणि एकाची रीत दुसऱ्यास लावल्यामुळे ही प्रत भलत्याच पेनड्राईव्हवर चढली, हे लहान मुलांनाही कळले. तो पेनड्राईव्ह कोणाच्या हातचा, हे मात्र ते बोलले नाहीत. ते गोवर्धनभाऊंकडे पाहून खाली बसले.

गोवर्धनभाऊ माईकपाशी आले. सिनेमाच्या गाण्यांपासून पुसलेल्या वंदनेपर्यंत त्यांनी सर्व सांगितले. अध्यक्षपद सोडतो, असे ते म्हणाले, तेव्हा नको म्हणण्यास कोणी उठले नाही. संघदीप पायाच्या अंगठ्याने सतरंजीचा काठ दुमडीत राहिला. ज्या स्त्रिया त्या दिवशी रीनापासून सरकून बसल्या होत्या, त्या आज तिच्याजवळ सरकू लागल्या. आणि सरकता सरकता मध्येच थांबल्या, कारण आपण काय करीत आहोत हे त्यांच्या लक्षात आले.

रीनाला बोलावण्यात आले. ती माईकपाशी गेली.

“E म्हणजे माझा पेनड्राईव्ह, हे मीच बोलली होती,” ती म्हणाली. “मी नाव निवडलं होतं, पण यंत्रानं काय लिहून घेतलं ते वाचलं नाही. तेवढी चूक माझी. बाकीची तुमची.”

एवढे बोलून ती आपल्या जागी परतली. टाळ्या वाजविण्यास काहींचे हात उठले होते, ते तसेच खाली आले.

सायंकाळी ताराचंद आणि रीना घरी होते. दाराशी भरलेली पिशवी ताराचंदांनी स्वतः उचलून आत नेली आणि तिच्यातील कपडे दोरीवर ठेवले. रीनाने भात वाढला. दोघे जेवावयास बसले.

ताराचंद पुष्कळ वेळ भात कालवीत राहिले. अखेर ते म्हणाले, “मले त्या कम्प्युटरमधलं काही समजत नाही ना, पोरी.”

“कम्प्युटरचं नाही विचारून राहिली, बाबा,” रीना म्हणाली. “तुमाले खरं वाटलं होतं का?”

केवळरामजींनी तसे सांगितले होते, असे त्यांना म्हणता आले असते. सभेत सगळे बघत होते, असेही म्हणता आले असते. ताराचंदांनी ताटाकडे पाहिले.

“हव, वाटलं होतं,” ते म्हणाले.

रीनाने मान हलविली. थोड्या वेळाने तिने त्यांना आणखी वरण पाहिजे काय, असे विचारले. त्यांनी ताट पुढे सरकविले. तिने वाढले, आणि मग स्वतःचे ताट घेऊन ती जेवण पुरे करण्यासाठी बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. ताराचंद तिच्या मागे गेले नाहीत. त्यांना जावेसे वाटत होते. परंतु कोणत्या तोंडाने जावे, हे त्यांना कळले नाही.

वाचकहो, चोरीचा उलगडा येथे पूर्ण झाला. त्यानंतर त्या पायरीवर काय बोलणे झाले, किंवा झालेच नाही, हे मला ठाऊक नाही; आणि जे ठाऊक नाही ते रचून सांगण्याचे धाडस मी करीत नाही. माझे शिक्षण अल्प आहे. भाषेत काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे, आणि कथेत काही खरे वाटले असल्यास ते या माणसांचे समजावे. आपला मोलाचा वेळ देऊन आपण अखेरच्या ओळीपर्यंत माझ्यासोबत आलात, याबद्दल हात जोडून आपले आभार मानतो.

आपला नम्र,
शालीकराम शेंडे
आमगाव, जिल्हा गोंदिया